भीती वाटते, तर विचारा



कार्यक्रमपत्रिकेवर 'पाळीव प्राण्यांचे आरोग्य' असं छापलंय. त्यातलं लसीकरण, जंताचं औषध वगैरे तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २००१चे नियम, मग २०२३चे नवे नियम, त्यावरून पेटलेले वाद हेही तुम्ही पेपरात वाचलंय, त्यात मी शिरत नाही. मी बोलणार आहे घरातल्या कुत्रीची गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनबद्दल, आणि ते ऐकून पोटात गोळा येणाऱ्या मालकांबद्दल.

दवाखान्यात चार वाक्यं मी रोज ऐकतो. 'भुलीतून उठलीच नाही तर?' 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत ना?' 'ती लठ्ठ होईल.' 'तिचा स्वभाव बदलेल.'

(मागून आवाज : 'आमची आत्ताच लठ्ठ आहे!' हशा.)

हसा जरूर, पण ही चारही वाक्यं मायेतून येतात. त्यांना नीट उत्तर मिळालं पाहिजे. भुलीचा धोका शून्य नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांमध्ये साधारण दोन हजारांत एक मृत्यू आढळला. तो धोका आणखी कमी करायचा तर आधी रक्त तपासायचं. आपल्याकडे गोचीडतापानं प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि कुत्री मात्र शेपूट हलवत दारात उभी असते. अशा वेळी आधी ताप बरा करायचा, ऑपरेशन नंतर. पिल्लं होऊ दिल्यानं तब्येत सुधारते, याला काही आधार नाही. वजनाचं म्हणाल, तर ऑपरेशननंतर तिची भूक वाढते आणि गरज घटते, म्हणून वाटीतलं खाणं साधारण पाव हिश्श्यानं कमी करायचं आणि फिरणं चालू ठेवायचं. आणि स्वभाव? दारावरची बेल वाजली की ती पूर्वीसारखीच भुंकते आणि तुम्ही घरी आलात की पूर्वीसारखीच अंगावर उडी मारते. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या, पुढे लघवी गळण्याचा त्रास होतो. बहुतेकींचा तो औषधानं आवरतो. हेही मी लपवणार नाही.

आता एक आठवण सांगतो. दोन मिनिटांत आटोपेन.

एक निवृत्त शिक्षिका त्यांच्या सोनीला घेऊन आल्या होत्या. सोनी तेव्हा वर्षाची. बाईंनी विचारलं, 'ऑपरेशन करावं का? मला फार भीती वाटते हो.' बाहेर रांग होती. मी म्हणालो, 'बघा, विचार करा.' बाई हायसं वाटून घरी गेल्या. आठ वर्षांनी, दिवाळीत, रात्री साडेदहाला त्या पुन्हा दारात. सोनी बादलीभर पाणी पीत होती, दोन दिवस जेवली नव्हती, उलट्या चालू होत्या. महिन्याभरापूर्वी ती माजावर येऊन गेली होती. हात लावताच कळलं, गर्भपिशवीत पू झालाय. बाहेर स्राव एक थेंबही नाही, म्हणजे पिशवीचं तोंड बंद, सगळं विष आतच. निरोगी मादीची पिशवी पेन्सिलीएवढी बारीक असते. सोनीची माझ्या मनगटाएवढी जाड होती आणि चिमटा लावतानाही फुटेल की काय अशी तट्ट फुगलेली. फटाक्यांच्या आवाजात आम्ही ती बाहेर काढली. रात्रभर सलाईन चालू होतं. बाई बाकावरून हलल्या नाहीत. सोनी वाचली. सकाळी बाई मला म्हणाल्या, 'डॉक्टर, तेव्हा तुम्ही मला बसवून समजावलं का नाही?'

(सभागृहात शांतता.)

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑपरेशन तेच. पण वर्षाच्या तरण्या, उपाशीपोटी आणलेल्या कुत्रीवर ते ठरवून करता आलं असतं; नऊ वर्षांच्या, तापानं गळालेल्या कुत्रीवर ते रात्री करावं लागलं. स्वीडनमध्ये माद्यांचं हे ऑपरेशन पूर्वापार कमी होतं, म्हणून तिथल्या विमा-नोंदी बोलक्या आहेत : दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चारांतल्या एकीला हा आजार होतो. भुलीची भीती आणि ही चारातली एक, दोन्ही तागडीत घालून बघा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. स्तनाच्या गाठींवर बोलायचं होतं, ते राहिलं. पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर त्या गाठींचा धोका बराच घटतो, असं जुने अभ्यास सांगतात, एवढंच.

तेवढ्यात हे लिहून घ्या. डॉक्टरांना विचारा : रक्त कधी तपासणार? भूल कोण देणार, आणि ती उठेपर्यंत शेजारी कोण असणार? दुखणं थांबवायला काय देणार? आमच्या जातीला योग्य वय कोणतं? माज संपून किती दिवस झाले पाहिजेत? साधारण दोन-तीन महिने थांबतात, कारण माजात रक्तस्रावाचा धोका जास्त. घरी आल्यावर दहा-बारा दिवस टाके चाटू देऊ नका, उड्या मारू देऊ नका.

प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर वैतागेल, त्याच्याकडे ऑपरेशन करू नका. आणि ऑपरेशन न झालेली तुमची मादी माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत जास्त पाणी पिऊ लागली, जेवेनाशी झाली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.