सुट्टीत काय बघायचं?



मागच्या वेळी पेन्शनच्या कागदपत्रांवर बोललो होतो. आज विषय हलका आहे: उन्हाळ्याची सुट्टी, टीव्ही आणि सिनेमा. मी काही समीक्षक नाही. पायदळात तीस वर्षं काढलेला माणूस आहे. निवृत्तीनंतर बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात प्रशासनाचं काम बघतो. गेट, कँटीन, बस आणि सिक्युरिटी एवढं माझं राज्य. त्यामुळे माझी मतं कँटीनच्या टेबलावरची आहेत. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या.

कँटीनमध्ये एक टीव्ही आहे. एप्रिल-मेमध्ये त्यावर दुसरं काही लागत नाही. आयपीएल! सेकंड शिफ्ट दोन ते दहा. जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या तासात माणसं सहा षटकं बघतात आणि उरलेल्या सामन्याचा निकाल मशीनवर उभं राहून लावतात. आयपीएलचा पहिला सामना १८ एप्रिल २००८ रोजी इथेच, चिन्नास्वामी स्टेडियमवर झाला. मॅक्युलमने नाबाद १५८ धावा केल्या आणि बंगळुरूचा धुव्वा उडाला. ते दुःख इथले लोक अजून घरच्या गोष्टीसारखं सांगतात. माझं मत विचाराल, तर सामने फार झालेत. पण ओडिशाचा वेल्डर आणि हुबळीचा फिटर एका बाकावर बसून एकाच चेंडूवर ओरडतात, त्यामुळे मी तक्रार करत नाही.

मालिकांबद्दल मात्र तक्रार आहे. पूर्वी दूरदर्शनची मालिका बऱ्याचदा तेरा भागांत आटपायची. मग मराठीत ‘चार दिवस सासूचे’ आली आणि तीन हजारांहून जास्त भाग चालली. नावात चार दिवस आणि मुक्काम अकरा वर्षांचा! आमच्या सौ.नी ती शेवटपर्यंत पाहिली. माझं म्हणणं एवढंच की शाळेला सुट्टी मिळते, कोर्टाला मिळते, तर मालिकेतल्या सुनेलाही मे महिन्यात माहेरी पाठवा.

तुमचं सगळ्यात आवडतं काय, असं कुणी विचारलं तर मी गेटबाहेरच्या रिक्षा स्टँडकडे बोट दाखवतो. तिथे दर दोन-तीन रिक्षांमागे एका रिक्षावर शंकर नाग यांचं चित्र असतं. १९८० साली त्यांचा ‘ऑटो राजा’ आला, तेव्हापासून रिक्षावाल्यांनी त्यांना आपलं मानलं. आपण मराठी माणसं त्यांना ओळखतो ती ‘मालगुडी डेज’मुळे. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, शिवमोग्गा जिल्ह्यातलं आगुंबे आणि तो छोटा स्वामी. त्याआधी ते मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरले होते. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ अपघातात गेले, वय अवघं पस्तीस. पीण्याच्या कडेने तुमकूरकडे जाणारा आमचा हमरस्ता पुढे दावणगेरेवरूनच बेळगाव-पुण्याला जातो. सुट्टीला गावी निघालो की त्या टप्प्यावर त्यांची आठवण होते. तुमच्या नातवंडांना या सुट्टीत एकच गोष्ट दाखवायची असेल, तर ‘मालगुडी डेज’ दाखवा.

आता सिनेमा. सैन्यात आम्ही सिनेमा पडद्यावर कमी आणि चादरीवर जास्त पाहिला. मैदानात दोन बांबू, मधे पांढरी चादर आणि मागे सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर. गर्दी झाली की निम्मे जवान चादरीच्या पलीकडे बसायचे. त्यांना सगळं उलटं दिसे. हिरो डाव्या हाताने सॅल्यूट करायचा आणि पलीकडून हशा यायचा. रीळ तुटलं की एक हवालदार उठून पुढची गोष्ट स्वतःच सांगायचा. बहुतेक वेळा त्याचीच गोष्ट बरी असायची.

आता जे सांगणार आहे, ते सांगू की नको असा विचार करत होतो. पण विषय निघालाच आहे.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ सुरू झालं. रविवारी सकाळी लागायचं. मोगली, बघीरा आणि शेरखान. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. तेव्हा मी मेजर होतो आणि टीव्हीचा सिग्नल पोहोचणार नाही अशा ठिकाणी होतो. माझी मुलगी आठ वर्षांची, आईबरोबर बेळगावला आजोळी. बाबांना दिसत नाही म्हणून तिने काय करावं? दर रविवारचा भाग ती मला पत्रात लिहून पाठवू लागली. पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’. पत्र पोहोचायला आठ-दहा दिवस लागत. म्हणजे तिचा मोगली माझ्यापेक्षा कायम एक भाग पुढे असायचा. प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायची, ‘तुम्ही हे वाचाल तेव्हा पुढचं झालेलं असेल, पण मी आत्ता सांगणार नाही.’

अकरा पत्रं आली. मी तीन उत्तरं लिहिली. आणि त्या तीन उत्तरांत काय लिहिलं? तिचं शुद्धलेखन सुधारून पाठवलं. लाल शाईने. एका पत्रात तिने लिहिलं होतं, ‘शेरखान आला तेव्हा मला खूप भिती वाटली.’ मी ‘भि’ला गोल करून शेजारी ‘भी’ लिहिलं. बापाने मुलीला शिस्त लावावी, असं मनात होतं. ती का घाबरली आणि मग कुणाच्या कुशीत शिरली, हे विचारायचं सुचलं नाही. बारावं पत्र आलं नाही. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एका रात्री मी न सांगता फॅक्टरीत गेलो. जुनी खोड. मागच्या गेटवर गार्ड होता, खानापूर तालुक्यातला, आपला मराठी माणूस. ड्यूटीवर, आणि पुढ्यात मोबाइलवर सिनेमा! ‘अशी ही बनवाबनवी’. कानाशी दुसरा फोन, बटणांचा. मी मागे उभा, आणि हा एकटाच हसतोय.

मला बघून ताडकन उठला. “साहेब, चुकलं.”

“फोनवर कोण आहे?”

“पोरगा, साहेब. गावाकडं असतो. शाळेला सुट्टी लागली. बापूस कामावर, मग तो एकटाच काय बघणार? म्हणून दोघं एकदमच लावतो. तिकडं त्याच्या आईच्या मोबाइलवर, इकडं माझ्या. एक-दोन-तीन म्हणून.”

“आणि हा दुसरा फोन?”

“हसायला येतंय ते ऐकायला, साहेब. त्याचं माझ्यापेक्षा जरा पुढं असतंय. तो आधी हसतो, मग मला कळतं की आता हसायचंय.”

ड्यूटी रजिस्टर समोर होतं. मी पेन काढलं. पेन लालच होतं, कारण शेरे मी लालनेच मारतो. आणि तिथे माझा हात थांबला.

गैरसमज नको. गेटवर सिनेमा बघणं चूक आहे. मागच्या गेटवर चोरी झाली तर अशी ही बनवाबनवी, असं मालकाला सांगता येत नाही. ते मी त्याला स्पष्ट सांगितलं आणि फोन बंद करायला लावला. पण आधी म्हटलं, “पोराला सांग, पुढचं उद्या बघू.” दुसऱ्या दिवशी ड्यूटीचा तक्ता काढला आणि सुट्टी संपेपर्यंत त्याला सकाळची शिफ्ट दिली. कर्नाटकातल्या शाळा मेच्या शेवटी उघडतात, म्हणजे जेमतेम सहा आठवडे. नाइट करायला दोघे बिनकुटुंबाचे तयार झाले. एकाने फक्त विचारलं, “मॅचच्या दिवशी वायफाय मिळेल का, साहेब?” नाही म्हटलं.

पूर्वी मी मोबाइलवर टीका करायचो. घरात चार माणसं, चार पडदे आणि कुणाचा कुणाला पत्ता नाही, असं म्हणायचो. ते आजही खरं आहे. पण दोष फोनला देऊन मी मोकळा होत होतो. एका मुलीने पत्रावर जे केलं, तेच त्या गार्डने दोन फोनवर केलं. साधन कुठलंही असो, पलीकडचा माणूस हसला की घाबरला याकडे आपलं लक्ष हवं. माझं नव्हतं.

या वर्षी नातू सुट्टीला आला आहे. तो काय बघतो ते मला कळत नाही. जपानी कार्टून आहे, सगळे सारखे ओरडत असतात. पण मी शेजारी बसतो आणि दर पाच मिनिटांनी विचारतो, “हा चांगला की वाईट?” तो कंटाळतो, पण सांगतो.

परवा मुलीला विचारलं, “ती पत्रं का बंद झाली गं?” ती म्हणाली, “बाबा, ‘जंगल बुक’ संपलं होतं ना, म्हणून.” मी हिशोब केला. अकरा रविवारांत ते संपलं नव्हतं. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

जय हिंद.