अर्ज लेखीच द्या

"तुमचं पोर वर्गात बसत नाही, उद्यापासून आणू नका," असं शाळेनं सांगितलं, की कितीतरी आया मान खाली घालून घरी येतात. स्वमग्न मूल हट्टी नसतं. काहींना घंटेचा आवाज, जेवणाच्या सुट्टीतला गलका खरोखर सोसत नाही. म्हणून ती कान झाकतात, पळतात.

शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आता आई पाठवायला तयार आहे आणि शाळाच दार लावते! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता नोंदलेली आहे. सरकारी मान्यतेच्या शाळेला त्या कारणानं प्रवेश नाकारता येत नाही, मुलाला लागणाऱ्या सोयीही कराव्या लागतात.

पण तोंडी बोलणं हवेत जातं. मुख्याध्यापकांना अर्ज लिहा. "लक्ष द्या" असं मोघम नको. 'दाराजवळ बसवा, घंटेआधी सांगा, दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावा,' असं लिहा. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची भेट मागा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सीपीआरला जरूर जा, पण त्यापायी अर्ज अडवून ठेवू नका.

एकटीला जड वाटत असेल, तर गटातल्या दोघी सोबत न्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीवर पाऊण हिस्सा पालक असतात आणि निम्म्या बायका. त्यातली एखादी आपल्याच गटातली निघेल. अर्जाची एक प्रत तिच्या हाती आधीच द्या.