थैलीशहा, वृत्तपत्रे आणि सत्ता : हुगेनबर्गचे उदाहरण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

एखादा धनाढ्य उद्योगपती राजकारणात उतरतो आणि पाहता पाहता राष्ट्रवादाचा व परंपरेचा जयघोष करणाऱ्या पक्षाचा सर्वाधिकारी होतो, ही घटना आता जगाला अपरिचित राहिलेली नाही. 1994 साली इटलीत तीन दूरचित्रवाणी वाहिन्यांचा मालक सिल्व्हिओ बर्लुस्कोनी नवा पक्ष काढून काही महिन्यांतच पंतप्रधान झाला, तेव्हा पुष्कळांना तो दूरचित्रवाणीच्या युगाचा चमत्कार वाटला. वस्तुतः या प्रयोगाची रंगीत तालीम जर्मनीत, दूरचित्रवाणी घरोघर येण्यापूर्वीच होऊन गेली होती. त्या प्रयोगाच्या सूत्रधाराचे नाव आल्फ्रेड हुगेनबर्ग. हिटलरच्या काळ्या सावलीत हे नाव झाकोळून गेले आणि आज इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे ते फारसे कोणाला ठाऊक नाही. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने हिटलरइतक्याच, किंबहुना अधिक बारकाईने हुगेनबर्गचा अभ्यास करणे अगत्याचे आहे. कारण हिटलर क्वचितच निपजतो. हुगेनबर्ग मात्र भांडवलशाहीच्या कुशीत पिढ्यानपिढ्या निपजत असतात.

हुगेनबर्गचा जन्म 1865 साली हॅनोव्हर येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन तो प्रशियाच्या सरकारी सेवेत शिरला. पोझेन प्रांतात पोलिश लोकांच्या जमिनी विकत घेऊन तेथे जर्मन शेतकरी वसविण्याचे जे सरकारी धोरण होते, त्याच्या अंमलबजावणीत त्याची प्रारंभीची वर्षे गेली. त्यापूर्वी, 1891 मध्येच, पुढे अखिल जर्मन संघ म्हणून प्रसिद्ध झालेल्या अतिरेकी राष्ट्रवादी संघटनेच्या स्थापनेत त्याने पुढाकार घेतला होता. म्हणजे त्याचा राष्ट्रवाद व्यापारासाठी पांघरलेली शाल नव्हती. तो अगोदर राष्ट्रवादी होता आणि मग उद्योगाच्या दुनियेत आला. 1909 मध्ये एसेन येथील क्रुप या तोफा व पोलाद बनविणाऱ्या बलाढ्य कारखान्याच्या संचालक मंडळाचा तो अध्यक्ष झाला आणि 1918 च्या अखेरपर्यंत त्या पदावर राहिला. पहिल्या महायुद्धात क्रुपच्या तोफा धडधडत होत्या आणि क्रुपचा हा कारभारी शेजाऱ्यांचा मुलूख जिंकून जर्मनीला जोडावा, असा आग्रह धरीत होता. तोफांचा नफा आणि राष्ट्राचे वैभव या दोन गोष्टी त्याच्या मनात इतक्या एकजीव झाल्या होत्या की, त्यांतली कोणती कोठे संपते हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

परंतु क्रुपच्या अध्यक्षपदापेक्षा महत्त्वाचे असे एक काम त्याने युद्धकाळातच आरंभिले होते. ते म्हणजे मतनिर्मितीचा कारखाना. पोलाद आणि कोळसा यांच्या धन्यांकडून निधी गोळा करून त्याने 1916 मध्ये बर्लिनची शेर्ल ही मोठी प्रकाशनसंस्था ताब्यात घेतली. पाठोपाठ जाहिराती पुरविणारी कंपनी उभी राहिली. ‘टेलिग्राफेन युनियन’ ही वृत्तसंस्था हाती आली. छोट्या गावांतील वृत्तपत्रांना व्यवस्थापनाचा सल्ला देणारी एक संस्था, त्यांना छपाईसाठी तयार मजकुराचे साचे पाठविणारी दुसरी संस्था, आणि चलनवाढीने कंबरडे मोडलेल्या वृत्तपत्रांना कर्ज देणारी तिसरी संस्था, असे हे जाळे विणले गेले. 1927 मध्ये कर्जात बुडालेली ‘ऊफा’ ही जर्मनीतील सर्वांत मोठी चित्रपट कंपनी त्याने घेतली आणि चित्रपटगृहांत दाखविले जाणारे वृत्तपटही त्याच्या हाती आले.

या रचनेतली मख्खी नीट ध्यानात घेतली पाहिजे. हुगेनबर्गने प्रत्येक वृत्तपत्र विकत घेतले नाही. तशी गरजच नव्हती. लहान शहरातल्या संपादकाचे नाव पहिल्या पानावर तसेच राहिले आणि वाचकाचा त्याच्यावरचा विश्वासही तसाच राहिला. फक्त त्याची बातमी हुगेनबर्गच्या तारेवरून येऊ लागली, त्याचा अग्रलेख हुगेनबर्गच्या साच्यातून छापला जाऊ लागला आणि त्याचे कर्ज हुगेनबर्गच्या वहीत मांडले जाऊ लागले. वाचकाला वाटे की आपल्या गावाचे पत्र बोलते आहे. प्रत्यक्षात बर्लिनचे कार्यालय बोलत असे. दुसरे असे की, या साम्राज्यातला बराचसा पैसा इतर उद्योगपतींचा होता, पण हुकमत मात्र एकट्या हुगेनबर्गची होती. पैसा समूहाचा आणि निर्णय एकाचा, ही त्याची आवडती पद्धत पुढे राजकीय पक्षातही त्याने जशीच्या तशी आणली.

तो पक्ष म्हणजे जर्मन राष्ट्रीय जनपक्ष. जमीनदार, निवृत्त सेनाधिकारी, धर्मोपदेशक, सरकारी नोकर आणि काही प्रमाणात कारकुनांच्या व कामगारांच्या राष्ट्रवादी संघटना, असा त्याचा पसारा होता. डिसेंबर 1924 च्या निवडणुकीत त्याला वीस टक्क्यांहून अधिक मते आणि 103 जागा मिळाल्या होत्या. प्रजासत्ताक मनापासून न मानणारा हा पक्ष मध्यंतरी मंत्रिमंडळात बसू लागला होता आणि जबाबदारीच्या ओझ्याने थोडा निवळतही होता. मे 1928 मध्ये त्याच्या जागा 73 वर आल्या आणि हुगेनबर्गने संधी साधली. पक्ष तडजोडीमुळे हरला, सर्वांना सामावून घेणारा ढिसाळ पक्ष नको, एकसंध पोलादी गट हवा, असा प्रचार त्याच्या वृत्तपत्रांनी सुरू केला. जिल्हा शाखांत त्याचे लोक होते, निधीच्या किल्ल्या त्याच्या हाती होत्या. ऑक्टोबर 1928 मध्ये तो पक्षाध्यक्ष झाला.

हा माणूस वक्ता नव्हता. जुन्या वळणाच्या मिशा, ताठर बोलणे आणि कारकुनी चेहरा यांमुळे सभा जिंकणे त्याच्या कोष्टकात बसत नव्हते. लोकांनी त्याला निवडले नाही, पक्षाच्या यंत्रणेने निवडले. आणि यंत्रणा पैशाच्या अंकित झाली होती. अध्यक्ष होताच त्याने पक्ष कंपनीप्रमाणे चालविण्यास आरंभ केला. मतभेद म्हणजे बेशिस्त, चर्चा म्हणजे दुबळेपणा. परिणाम असा झाला की डिसेंबर 1929 मध्ये डझनभर खासदार बाहेर पडले, 1930 मध्ये माजी अध्यक्ष वेस्टार्प यांच्यासारखे जुने परंपरावादीही गेले. त्यांत कारकुनांच्या संघटनेचे प्रतिनिधी होते, शेतकऱ्यांचे होते. सप्टेंबर 1930 च्या निवडणुकीत पक्षाला सात टक्के मते व 41 जागा मिळाल्या. एवढी वृत्तपत्रे, एवढे चित्रपट आणि एवढा पैसा असूनही दोन वर्षांत पक्षाची मते निम्मी झाली!

येथे एखादा भाबडा लोकशाहीवादी समाधानाचा सुस्कारा टाकील. पैशाने लोक विकत घेता येत नाहीत हे सिद्धच झाले, असे तो म्हणेल. ते खरेही आहे. पण ते अर्धे सत्य आहे. आणि उरलेल्या अर्ध्यातच जर्मनीचा सर्वनाश दडलेला होता.

1929 मध्ये युद्धखंडणीच्या फेडीची ‘यंग योजना’ आली. तिच्यानुसार जर्मनीने 1988 पर्यंत हप्ते भरावयाचे होते. हुगेनबर्गने तिच्याविरुद्ध सार्वमताची मोहीम उघडली. ही योजना मान्य करणाऱ्या मंत्र्यांना देशद्रोही ठरवून तुरुंगात टाकावे, असे कलम त्याच्या प्रस्तावित कायद्यात होते. विरोधक म्हणजे चुकलेला देशबांधव नव्हे, देशद्रोहीच, ही भाषा गल्लीतून उचलून कायद्याच्या मसुद्यात त्याने आणली. मोहिमेच्या समितीत त्याने एका छोट्या पक्षाच्या पुढाऱ्यालाही सन्मानाने बसविले. त्या पक्षाला 1928 मध्ये अवघी 2.6 टक्के मते मिळाली होती. तो पुढारी म्हणजे अडॉल्फ हिटलर. प्रत्यक्ष सार्वमतात, 22 डिसेंबर 1929 रोजी, प्रस्तावाला सुमारे 58 लाख मते मिळाली. मतदारसंख्येच्या चौदा टक्केही नाहीत. मोहीम सपशेल पडली. पण सभ्य मध्यमवर्गीय घरांत, जेथे हिटलरची गणना दंगेखोरांत होत होती, तेथे आता प्रतिष्ठित उद्योगपतीच्या व सेनाधिकाऱ्यांच्या शेजारी त्याचे नाव वाचले जाऊ लागले. सप्टेंबर 1930 मध्ये त्याच्या पक्षाला 18 टक्क्यांहून अधिक मते आणि 107 जागा मिळाल्या. या वाढीचे मोठे कारण आर्थिक मंदी व बेकारी हे होते, यात शंका नाही. पण भुकेने बाहेर पडलेल्या माणसाला कोणते दार उघडे दिसावे, हे ठरविण्यात हुगेनबर्गचा वाटा होता. पेरणी त्याने केली आणि पीक दुसऱ्याने नेले.

तरीही तो शहाणा झाला नाही. ऑक्टोबर 1931 मध्ये हार्त्सबुर्ग येथे राष्ट्रवाद्यांच्या संयुक्त मेळाव्यात हिटलरने आपल्या पथकांचे संचलन झाल्यावर मित्रपक्षांच्या संचलनासाठी थांबण्याचेही सौजन्य दाखविले नाही. हा अपमान गिळून हुगेनबर्गने 30 जानेवारी 1933 रोजी हिटलरच्या मंत्रिमंडळात अर्थव्यवहार व शेती ही दोन्ही खाती स्वीकारली. त्या मंत्रिमंडळात नाझी अवघे तीन होते; बाकी सारे परंपरावादी. आपण बहुसंख्य आहोत, या दंगेखोराला आपण चौकटीत बसवू, असा त्यांचा हिशेब होता. त्याच दिवशी सकाळी नव्या निवडणुका घेण्यास हुगेनबर्गने कडाडून विरोध केला होता, कारण आपली मते किती हे त्याला पक्के ठाऊक होते. पण राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग ताटकळत आहेत एवढ्या कारणावरून तो विरोध विरघळला. धंद्यात पै-पैचा हिशेब ठेवणारा हा माणूस प्रजासत्ताकाचा सौदा करताना मात्र कागदही नीट वाचू शकला नाही.

पुढचे सर्वविदित आहे. राइशस्टाग जळाल्यावर 28 फेब्रुवारीच्या वटहुकुमाने नागरिकांचे मूलभूत हक्क गेले. हुगेनबर्ग त्या मंत्रिमंडळात होता. 5 मार्चच्या निवडणुकीत नाझींना 43.9 टक्के मते मिळाली; बहुमत भरून काढले ते हुगेनबर्गच्या गटाच्या आठ टक्क्यांनी. 23 मार्चला सर्वाधिकार देणारा कायदा संमत झाला. कम्युनिस्ट सभासदांना सभागृहात येऊच दिले नव्हते. सशस्त्र पथकांच्या वेढ्यात उभे राहून विरोधी मत दिले ते 94 समाजवादी लोकशाहीवाद्यांनी, आणि त्यांच्या वतीने बोलले ओटो वेल्स. त्या दिवशी राष्ट्राची अब्रू सांभाळली ती ज्यांना वर्षानुवर्षे राष्ट्रद्रोही म्हटले गेले त्यांनी. जूनच्या अखेरीस हुगेनबर्गचे मंत्रिपद गेले, पक्ष विसर्जित झाला. यथावकाश वृत्तसंस्था, चित्रपट कंपनी आणि शेवटी शेर्लही नाझींच्या घशात गेले. अर्थात मोबदला मिळाला. कामगार पुढारी छळछावण्यांत गेले. हुगेनबर्गला मिळाले कारखान्यांचे भाग आणि 1945 पर्यंत राइशस्टागमध्ये नाममात्र आसन. युद्धानंतर ब्रिटिशांनी काही काळ त्याला स्थानबद्ध केले. 1951 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी तो वारला.

या इतिहासाचा अर्थ लावताना आपल्याच पक्षातली काही सोपी सूत्रे तपासून घ्यावी लागतील. ‘भांडवलदारांनी हिटलरला विकत घेतले’ हे सूत्र सभेत टाळ्या मिळविते. परंतु अमेरिकन इतिहासकार हेन्री टर्नर यांनी 1985 च्या आपल्या ग्रंथात कागदपत्रांनिशी दाखविले की, सत्तेवर येईपर्यंत नाझी पक्ष मुख्यतः सभासदांच्या वर्गणीवर व सभांच्या तिकिटांवर चालला होता. बड्या उद्योगांचा बहुतेक पैसा अन्य पक्षांकडे जात होता. यामुळे थैलीशहांची जबाबदारी कमी होत नाही, तिचे स्वरूप बदलते. त्यांनी हिटलरला पोसले असे सरसकट म्हणता येत नाही. पण ज्या प्रजासत्ताकाने कामगाराला आठ तासांचा दिवस आणि बेकारीचा विमा दिला, ते प्रजासत्ताक खिळखिळे करण्यासाठी त्यांनी पैसा ओतला आणि भिंत पडल्यावर आत कोण शिरेल याचा विचार केला नाही.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. कम्युनिस्टांनी समाजवादी लोकशाहीवाद्यांना ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणून मुख्य शत्रू ठरविले होते, आणि समाजवादी लोकशाहीवादी अंकगणितावर विसंबून होते. नोव्हेंबर 1932 मध्येही या दोन पक्षांची मिळून मते नाझींपेक्षा अधिक होती. हुगेनबर्ग आणि हिटलर एकमेकांचा तिरस्कार करीत असताना एकत्र येऊ शकले. कामगारांचे दोन पक्ष मात्र वधस्तंभासमोरही एकत्र येऊ शकले नाहीत.

ही पडझड चालू असताना डॉ. राममनोहर लोहिया बर्लिनमध्ये विद्यार्थी होते. 1929 मध्ये ते तेथे गेले, मिठावरील कराचा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला आणि 1933 मध्ये ते मायदेशी परतले. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश, अच्युत पटवर्धन आदींनी ज्या पक्षाचा विचार केला आणि 1934 मध्ये जो काँग्रेस समाजवादी पक्ष म्हणून जन्मला, त्याच्या उभारणीत लोहियाही होते. भारतीय समाजवादाच्या पाळण्याशेजारी जर्मनीच्या राखेची ऊब होती, हे विसरता कामा नये.

मग कार्यकर्त्याने यातून काय घ्यावे? श्रीमंत माणूस राजकारणात आला एवढ्यावरून घाबरू नये. पण त्याला किती मते मिळतात एवढ्यावरच त्याचे मोजमाप करू नये. बातमी कोणाच्या तारेवरून येते, गावच्या पत्राचे कर्ज कोणाच्या वहीत आहे, पक्षाचा निधी कोण देतो आणि त्याचा हिशेब सभासदांना दिसतो की नाही, हे प्रश्न निवडणुकीच्या निकालाइतकेच महत्त्वाचे आहेत. ज्या पक्षात मालक असतो त्या पक्षात सभासद उरत नाहीत, नोकर उरतात. आणि हा नियम केवळ उजव्या पक्षांना लागू नाही. वर्गणीचे दोन रुपये देणारा सभासद अध्यक्षाला जाब विचारू शकतो की नाही, ही समाजवादी पक्षाचीही कसोटी आहे.

बर्लिनमध्ये ‘वेल्टब्यूने’ नावाचे एक लहानसे साप्ताहिक निघत असे. त्याचा संपादक कार्ल फॉन ओसिएट्स्की. हुगेनबर्गच्या साम्राज्यापुढे त्याचा खप नगण्य होता. राइशस्टाग जळाले त्याच रात्री त्याला पकडण्याचे आदेश सुटले. छळछावणीत त्याची हाडे खिळखिळी झाली, 1935 चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला बंदिवासात जाहीर झाले आणि 1938 मध्ये तो मरण पावला. लहान साप्ताहिके सत्ता उलथवीत नाहीत, हे खरे. पण कोणाच्याही साच्यातून न आलेला मजकूर छापत राहणे हे काम कोणीतरी करावेच लागते. वर्गणीदार वाढविणे आणि अंक घरोघर पोहोचविणे या कंटाळवाण्या कामाचे मोल, मित्रहो, हुगेनबर्गला पुरेपूर कळले होते. ते आपल्यालाही कळले पाहिजे.