दालनव्यापी आभासी दर्शनयंत्र : लाभ आणि मर्यादा

(मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व ग्रामपंचायत सदस्य यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात 'हे आपल्या कामाचे काय?' असा प्रश्न उभा राहिला असेल. तो रास्त आहे. परंतु गेल्या काही वर्षांत शाळांच्या दारी येणाऱ्या विक्रेत्यांच्या पिशवीत फळा, प्रक्षेपक आणि संगणक यांच्या जोडीला डोळ्यांवर बांधावयाचे हे यंत्रही दिसू लागले आहे. लोकवर्गणीचा अथवा पंचायतीचा पैसा त्यावर खर्च करावा किंवा कसे, याचा निर्णय आपणांस घ्यावा लागणार आहे. मी कला शाखेचा पदवीधर, तंत्रज्ञ नव्हे. तरीही ठराव मांडणाऱ्यास आणि त्यास अनुमोदन देणाऱ्यास जेवढे ठाऊक असावे, तेवढे सांगण्याचा प्रयत्न करतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६८ सालीच मस्तकावर बसविण्याचे असे एक दर्शनयंत्र सिद्ध केले होते. 'आभासी वास्तव' या अर्थाचा इंग्रजी शब्द लोकांच्या तोंडी रुळविण्याचे श्रेय १९८० च्या दशकातील जॅरन लेनियर यांना दिले जाते. पुढे कित्येक वर्षे हे साधन मुख्यतः प्रयोगशाळा आणि वैमानिकांचे प्रशिक्षण यांत राहिले. २०१२ साली पामर लकी या तरुणाने 'ऑक्युलस रिफ्ट'साठी लोकांकडून निधी मागितला. त्याची अपेक्षा अडीच लाख डॉलरांची होती; जमले सुमारे चोवीस लाख. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरांना विकत घेतली.

परंतु बसल्या जागी मान वळवून पाहणे निराळे आणि खोलीत चालत फिरून पाहणे निराळे. या दुसऱ्या प्रकारास मी 'दालनव्यापी' असे म्हणतो. तैवानची एचटीसी आणि अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपन्यांनी मिळून २०१६ च्या एप्रिलमध्ये बाजारात आणलेले 'व्हाइव्ह' हे यंत्र त्याचे ठळक उदाहरण होय. त्याची किंमत अमेरिकेत ७९९ डॉलर होती. पुढच्या वर्षी ते भारतात आले, तेव्हा नव्वद हजार रुपयांहून अधिक मोजावे लागत. शिवाय ते चालविण्यास समर्थ असा महागडा संगणक वेगळाच.

त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. खोलीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, माणसाच्या डोक्याहून उंच, दोन छोट्या पेट्या बसवितात. या योजनेस तिच्या कर्त्यांनी 'दीपगृह' असेच नाव दिले. कोकणातल्या श्रोत्यांना ते चटकन उमगेल. प्रत्येक पेटीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश एकदम चमकतो आणि त्यापाठोपाठ किरणाची एक तिरीप खोलीभर फिरून जाते. एकदा आडवी, एकदा उभी. या फेऱ्या सेकंदाला साठ. मस्तकावरील यंत्रात बत्तीस संवेदक बसविलेले असतात. प्रकाश चमकल्यापासून तिरीप आपल्यापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागला, हे प्रत्येक संवेदक मोजतो आणि त्या कालावधीवरून डोके नेमके कोठे आहे, कोणत्या दिशेस झुकले आहे, याचे गणित होते. दीपगृहाचा झोत मोजून तांडेलाने आपली होडी कोठे आहे ते ओळखावे, तसाच हा प्रकार. हातांतील दोन दांड्यांचेही स्थान याच रीतीने कळते. प्रत्येक डोळ्यासमोर वेगळे चित्र असते आणि ते सेकंदाला नव्वद वेळा बदलते. आपण खाली वाकलो की मेजाखालचे दिसते. दोन पावले पुढे गेलो की दूरची वस्तू जवळ येते.

याचा परिणाम किती विलक्षण असतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. एका प्रशिक्षण केंद्रात मला असे एक यंत्र बांधण्यात आले. (ते कोणत्या कंपनीचे, हा भाग गौण.) उंच इमारतीच्या कडेला जोडलेली एक फळी समोर दिसू लागली. पायांखाली साधी फरशी आहे, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही पाय उचलेनात. शेजारी उभे असलेले सहकारी हसत होते ते ऐकू येत होते, आणि तळव्यांना घाम फुटला होता. पुस्तकात दहा पाने वाचून जे कळणार नाही ते त्या अर्ध्या मिनिटात कळले. पुढे धीर करून चाललो आणि हात खिडकीच्या चौकटीवर आपटून बोटे सोलवटली. मर्यादा जवळ आल्याची जाळी डोळ्यांसमोर उमटली होती. मीच तिच्याकडे लक्ष दिले नाही.

या एका प्रसंगात यंत्राचे सामर्थ्य आणि उणीव ही दोन्ही आली. शरीराला जे पटते, त्याची सत्ता बुद्धीवरही चालते. म्हणूनच वैद्यकात याचा उपयोग झाला आहे. उंचीची भीती घालविण्यासाठी अशा दर्शनाचा वापर अमेरिकेत १९९० च्या दशकातच करून पाहण्यात आला. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचे बर्फाळ जग रचले. जखमा धुताना रुग्णाचे चित्त त्यात गुंतले की वेदनेची जाणीव कमी होते, असे त्यांना आढळले. शस्त्रक्रियेचा सराव, यंत्रदुरुस्ती, आगीच्या प्रसंगी काय करावे याची रंगीत तालीम अशा कामी, जेथे खरी चूक महागात पडते, तेथे या साधनास तोड नाही. वायरमनचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाने पहिली चूक आभासी तारेवर केलेली केव्हाही बरी.

आणखी एक गुण सांगितला पाहिजे. बसून पाहण्याच्या यंत्रात पुष्कळांना मळमळते, कारण डोळे सांगतात 'चाललो आहोत' आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते 'बसलो आहोत'. दालनव्यापी यंत्रात माणूस खरोखरच चालतो. त्यामुळे हा झगडा बराच कमी होतो. मात्र खोली संपते, जग संपत नाही. त्यापुढे जावयाचे तर कळ दाबून एकदम दुसऱ्या ठिकाणी उडी घ्यावी लागते. कळीने सरकत जाण्याचा मार्ग पत्करला की मळमळ परत आलीच.

आता जागेचा प्रश्न. या यंत्रासाठी किमान दोन मीटर बाय दीड मीटर मोकळी जमीन लागते. पेट्यांमधील कर्णाची मर्यादा सुमारे पाच मीटर होती, म्हणजे साडेतीन मीटरचा चौरस. ऐकताना हे थोडे वाटते. पण ज्या शाळेत दोन इयत्ता एका खोलीत बसतात, तेथे एवढी जागा कायमची मोकळी कोण ठेवणार? आरसा लावलेले लोखंडी कपाट असले तर किरण परावर्तित होऊन गणित चुकते. यंत्र उन्हात उघडे ठेवले तर भिंगांतून सूर्यप्रकाश एकवटून आतला पडदा जळतो. भिंगाने कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे. हे त्याचेच रूप.

वर्गाचा हिशेब करू. पट चाळीस, तासिका पस्तीस मिनिटांची. पट्टा बांधणे व डोळ्यांतील अंतर जुळविणे यांस दोन मिनिटे आणि पाहण्यास पाच धरली, तर एका तासिकेत पाच मुले होतात. वर्ग पुरा व्हावयास आठ तासिका. उरलेली पस्तीस मुले त्या वेळी काय करतील? १९७५-७६ मध्ये 'साइट' या उपग्रह-प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरदर्शन पोहोचले, तेव्हा एका संचासमोर सारे गाव बसे. या यंत्रासमोर एकच जण उभा राहतो, आणि तोही इतरांपासून तुटलेला.

आरोग्याच्या बाबतीत मी अधिक सावध राहीन. चित्र दूर असल्याचे भासते, पण डोळ्यांना नजर मात्र ठराविक अंतरावरच स्थिर ठेवावी लागते. त्यामुळे ताण येतो. यंत्राची घडण प्रौढांच्या मापाने झालेली आहे. मेटा कंपनीची वयोमर्यादा तेरा वर्षे होती. २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली ती दहावर आणण्यात आली. म्हणजे आपल्या प्राथमिक शाळेतील बहुतेक मुले तीत बसतच नाहीत. चेहऱ्याला लागणारी गादी घामाने भिजते आणि तीच पुढच्या मुलाच्या डोळ्यांवर जाते. पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली म्हणजे काय होईल, हे शिक्षकांना मी सांगावयास नको.

'ऑक्युलस क्वेस्ट' हे २०१९ चे यंत्र आल्यापासून कोपऱ्यांतील पेट्या आणि संगणक यांची गरज उरली नाही; यंत्रावरील कॅमेरेच खोली पाहतात. सोय मोठी, खर्चही कमी. परंतु कॅमेरा खोली पाहतो, यंत्रास कंपनीचे खाते लागते, आणि वापराची माहिती त्या खात्याशी जोडली जाते. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे, असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम सांगतो. विक्रेता हे सहसा आपण होऊन सांगत नाही.

माझ्या मते सर्वांत मोठी मर्यादा आयुष्याची आहे. पुठ्ठ्याच्या चष्म्यातून वर्गाला सहली घडविणारा गूगलचा 'एक्स्पिडिशन्स' उपक्रम २०२१ मध्ये बंद झाला. हवेत चित्रे रंगविण्याचे 'टिल्ट ब्रश' हे सुंदर साधन. त्याचा विकास गूगलने त्याच वर्षी थांबविला. त्याची संहिता सर्वांसाठी खुली केली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पहिल्या क्वेस्टला नव्या सुविधा मिळणे २०२३ मध्ये, म्हणजे चारच वर्षांत, थांबले. आपली डेडस्टॉक नोंदवही मात्र चार वर्षांत वस्तू विसरत नाही. मी शिकलो त्या शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा आम्ही चपला बाहेर काढून त्याचे दर्शन घेत असू. त्यावर प्लास्टिकचे आच्छादन होते आणि खोलीची किल्ली गुरुजींच्या खिशात. बोट लावण्याची पाळी आली नाही. पुढे निर्लेखनाच्या यादीत तो दिसला, तोही जवळजवळ नवाच.

म्हणून ठराव करण्यापूर्वी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात, असे मी सुचवितो. मराठी पाठ किती आहेत? ते इंटरनेटविना चालतात काय? गादी, पट्टा व दांड्या किती वर्षे स्वतंत्रपणे मिळतील? आणि कंपनीने सेवा थांबविली तर यंत्र उघडेल काय? एकेका शाळेने खरेदी करण्यापेक्षा तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन-तीन यंत्रे ठेवावीत, त्यांवर एक जबाबदार निदेशक नेमावा आणि मोठ्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या तेथे न्याव्यात, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. प्राथमिक शाळेने तूर्त घाई करू नये.

पलीकडच्या दालनात एक यंत्र मांडून ठेवले आहे. एका वेळी पाचच जणांनी जावे. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी कृपया बाहेरूनच पाहावे. मध्यभागी एक छोटी सतरंजी अंथरली आहे. चपला काढून तीवर उभे राहा, म्हणजे डोळे झाकले गेले तरी आपण मध्यावर आहोत की भिंतीकडे सरकलो, हे तळव्यांना कळत राहील. ही युक्ती माझ्या बोटांनी मला शिकविली आहे.