वलंदेजांच्या गल्ल्या



गेल्या वर्षी मी लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. न्यूयॉर्क म्हणजे मान वर करून बघायचं शहर, अशीच माझी समजूत होती. एका शनिवारी सकाळी लेक मला मॅनहॅटनच्या अगदी दक्षिण टोकाला घेऊन गेली, जुन्या शहराच्या पायी फेरीसाठी. वीसेक माणसं होतो. दोन तासांत जेमतेम मैलभर चाललो असू, पण त्यातला निम्मा वेळ आम्ही सगळे खाली, पायाखालच्या फरशीकडे बघत होतो. त्या फरशीखाली चारशे वर्षांपूर्वीचं एक डच गाव आहे. न्यू ॲम्स्टरडॅम. आज त्या गावाविषयी आणि त्या फेरीविषयी तुम्हांला सांगायचं आहे.

डच म्हणजे आपले वलंदेज. जुन्या मराठी कागदांत त्यांचं हेच नाव येतं. १६०९ साली हेन्री हडसन नावाचा इंग्रज दर्यावर्दी डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. आशियाकडे जायला जवळची वाट सापडते का हे शोधत तो या खाडीत शिरला. वाट सापडली नाही, पण बीव्हर नावाचा प्राणी भरपूर असलेला मुलूख सापडला. युरोपात तेव्हा बीव्हरच्या लोकरीच्या टोप्यांना मोठी मागणी होती. पुढं डचांनी अटलांटिकच्या व्यापारासाठी वेस्ट इंडिया कंपनी काढली, आणि १६२४ साली तिनं काही कुटुंबं इथं आणून वसवली. म्हणजे हे शहर एका व्यापारी कंपनीनं वसवलं. मुंबई, सुरत, वेंगुर्लं ही नावं ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

फेरी सुरू होते ती बोटीच्या धक्क्यासमोरच्या चौकातून. तिथं १६६० सालच्या गावाचा नकाशा ब्राँझमध्ये घडवून मांडला आहे. मूळ पाहणी झाक कोर्टेल्यू या मोजणीदारानं केली होती. त्या नकाशाची एक प्रत इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या एका वाड्यात १९०० साली उजेडात आली, म्हणून त्या वाड्याच्या नावावरून त्याला कास्टेलो नकाशा म्हणतात. घरं, परसबागा, टोकाला किल्ला, मधून जाणारा कालवा, उत्तरेला तट, सगळं त्यात आहे. वस्ती साधारण दीड हजार माणसांची. आपल्याकडचं एखादं मध्यम खेडं म्हणा.

आता त्या खेड्यातलं काय उरलं आहे? जमिनीच्या वर एकही घर नाही. १७७६ आणि १८३५ साली मोठ्या आगी लागल्या, आणि आगीतून वाचलेलं नव्या बांधकामांनी घेतलं. मग दाखवायचं काय? हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर असं की गल्ल्या तशाच आहेत. बाकीचं मॅनहॅटन पुढं आखून, काटकोनात बांधलं गेलं. पण हे टोक वाकडंतिकडंच राहिलं, कारण इथले रस्ते गायीगुरांच्या, बोटींच्या आणि माणसांच्या सोयीनं पडले होते. १९८३ साली न्यूयॉर्क शहरानं या रस्त्यांच्या आखणीलाच संरक्षित वारशाचा दर्जा दिला. घराला, देवळाला, पुतळ्याला असा दर्जा मिळाल्याचं आपण ऐकतो. इथं गल्लीच्या वळणाला तो मिळाला आहे, आणि म्हणूनच हा वारसा पायी हिंडल्याशिवाय बघताच येत नाही.

ब्रॉड स्ट्रीटवर उभं राहा. आजूबाजूच्या अरुंद गल्ल्यांत हा एकच रस्ता इतका ऐसपैस कसा? कारण तिथं कालवा होता. डचांनी आपल्या मायदेशाच्या सवयीनं गावाच्या मध्यातून पाणी आत आणलं होतं. छोट्या होड्या माल घेऊन थेट घरांपाशी येत. १६७६ साली, इंग्रजांच्या अमलात, तो कालवा बुजवला, आणि पाण्याची रुंदी रस्त्याला मिळाली. शेजारचा ब्रिज स्ट्रीट हा त्या कालव्यावरच्या पुलाकडे जाणारा. बीव्हर स्ट्रीटच्या नावात ते कातड्याचं जनावर अजून आहे. स्टोन स्ट्रीट ही बिअर गाळणाऱ्यांची गल्ली. १६५८ साली तिथं दगड बसवले, ते या गावातले पहिले फरसबंद रस्त्याचे दगड.

पर्ल स्ट्रीटला मी सगळ्यात जास्त रेंगाळले. पर्ल म्हणजे मोती. पण हे नाव तिथल्या शिंपल्यांवरून पडलं असं सांगतात. ही खाडी कालवांनी भरलेली होती, आणि इथले मूळचे लेनापी लोक पिढ्यान्‌पिढ्या कालवं खाऊन शिंपले किनाऱ्यावर टाकत आले होते. आपल्या कोकणातल्या बायाबापड्या ओहोटीला कालवं काढायला बसतात, ते चित्र मला दिसलं. हा रस्ता म्हणजे त्या काळची किनाऱ्याची रेघ होती. आज तिथून पाणी दिसतसुद्धा नाही. पुढं भराव घालत घालत शहर नदीत सरकलं. भायखळ्याची किंवा वरळीची खाडी बुजवून उभ्या राहिलेल्या मुंबईतल्या माणसाला हेही ओळखीचं वाटेल.

याच रस्त्यावर गावाची कचेरी होती. डचांनी १६४२ साली आधी तिथं खानावळ बांधली, आणि १६५३ साली गावाला स्वतःचा नगरकारभार मिळाल्यावर तीच कचेरी झाली. १९७९ साली त्या जागी टोलेजंग इमारत उभी राहायची होती. शहराच्या वारसा आयोगानं आधी उत्खनन झालं पाहिजे असा आग्रह धरला, आणि न्यूयॉर्कमधलं पहिलं मोठं पुरातत्त्वीय उत्खनन तिथं झालं. शेजारच्या १६७० सालच्या एका इंग्रजी खानावळीचा पाया सापडला. आज त्या फुटपाथवर काचेच्या तावदानांतून खाली तो पाया दिसतो, आणि डच कचेरीच्या भिंती कुठं होत्या ते पिवळ्या विटांच्या रेघांनी दाखवलं आहे. ऑफिसला जाणारी माणसं त्या काचेवरून रोज चालत जातात. आमच्यातला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा तिथं पालथा पडून आत बघत होता. त्याला उठवायला कुणी गेलं नाही.

वॉल स्ट्रीटचं नाव तर जगाला ठाऊक आहे. वॉल म्हणजे भिंत, आणि ती भिंत म्हणजे लाकडी ओंडक्यांचा मेढेकोट. इंग्रज उत्तरेकडून जमिनीवरून चालून येतील या भीतीनं १६५३ साली तो उभारला, गावाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. बांधणाऱ्यांत कंपनीचे आफ्रिकन गुलाम होते. किल्ला, रस्ते, तट, सगळ्याला त्यांचे हात लागले आहेत. १६४४ साली त्यांतल्या अकरा जणांनी अर्ज करून सुटका मागितली. कंपनीनं त्यांना आणि त्यांच्या बायकांना मोकळं केलं, गावाबाहेर जमिनी दिल्या. पण अट अशी, की दरवर्षी धान्य आणि एक पोसलेलं डुक्कर कंपनीला द्यायचं, आणि त्यांची मुलं, जन्मलेली आणि पुढं जन्माला येणारीसुद्धा, गुलामच राहतील. पोटच्या पोराला गहाण ठेवून मिळालेली ही मोकळीक. न्यू ॲम्स्टरडॅमच्या मोकळेपणाचं कौतुक पुष्कळ होतं. १६४३ साली तिथं अठरा भाषा कानावर येत असं एका जेझुइट पाद्र्यानं लिहून ठेवलं आहे, आणि ब्राझीलहून पळून आलेल्या २३ ज्यू निर्वासितांना १६५४ साली तिथं थारा मिळाला. हे खरं आहे. पण गव्हर्नर स्टायव्हेसंट त्यांना हाकलायला निघाला होता, हेही खरं आहे. कंपनीत ज्यू भागधारक होते म्हणून त्याला हात आवरावा लागला. जी फेरी कालवा आणि बिअर दाखवते आणि त्या अकरा जणांचं नाव काढत नाही, ती अर्धीच फेरी, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या वाटाड्या बाईंनी ती गोष्ट वॉल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, रहदारी थांबेपर्यंत वाट बघून, सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशी सांगितली.

इंग्रज आले ते तटाकडून आलेच नाहीत. १६६४ च्या ऑगस्टअखेर त्यांची चार जहाजं समुद्रातून आली. एका पायानं अधू असलेला, लाकडी पाय लावून फिरणारा स्टायव्हेसंट लढायला तयार होता. गाव नव्हतं. ९३ लोकांनी सह्या करून शरण जा म्हणून विनवलं, आणि त्यांत त्याच्या मुलाचीही सही होती. सप्टेंबरमध्ये एकही गोळी न झाडता गाव इंग्रजांकडे गेलं, आणि इंग्लंडच्या राजाच्या भावाच्या नावावरून न्यूयॉर्क झालं. तो भाऊ म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्क, आणि राजा म्हणजे दुसरा चार्ल्स. याच चार्ल्सला १६६१ च्या तहानं पोर्तुगीजांकडून मुंबई आंदण मिळाली होती. त्याच १६६४ सालच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला, आणि तिथले वलंदेज आपली वखार बंद करून आत बसले होते. इतिहासाच्या पुस्तकांत या तीन गोष्टी तीन वेगळ्या धड्यांत असतात.

भाषा मात्र शरण गेली नाही. ब्रुकलिन, हार्लेम, फ्लशिंग ही डच गावांची नावं आहेत. बावरी नावाचा रस्ता म्हणजे डच भाषेतलं शेत. घरासमोरच्या पायऱ्यांना न्यूयॉर्कची माणसं ‘स्टूप’ म्हणतात, तो डचांचा ओटा. आपण मुंबईच्या ऑफिसात ज्याला बॉस म्हणतो आणि चहाबरोबर जी कुकी खातो, ते दोन्ही शब्द डचांकडून अमेरिकेत आले आणि तिथून आपल्या तोंडी बसले.

आणि कागद. डच वसाहतीची सुमारे बारा हजार पानं आल्बनीत जपून ठेवली होती. १९११ साली तिथल्या ग्रंथालयाला आग लागली. डच दप्तर खालच्या फळ्यांवर होतं. वरचे इंग्रजी कागद जळत त्यावर कोसळले, आणि त्यांच्याखाली डच कागद बरेचसे वाचले. १९७४ पासून चार्ल्स गेहरिंग हे अभ्यासक त्यांचं इंग्रजी भाषांतर करत आले. आज फेरीत सांगितली जाणारी भांडणं, खटले, उधाऱ्या, सगळं त्या जळक्या काठांच्या पानांतून आलेलं आहे.

फेरीत जिथं डच किल्ला होता त्या जागीही आम्ही थांबलो. आता तिथं जुनं कस्टम हाऊस आहे, आणि त्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं संग्रहालय. १६२६ साली कंपनीनं हे बेट लेनापींकडून ६० गिल्डरच्या मालाला घेतलं, असं एका डच अधिकाऱ्याच्या पत्रात आहे. खरेदीखत मात्र उरलेलं नाही, आणि जमीन कायमची विकायची असते ही कल्पनाच लेनापींना नव्हती. तिथं उभं असताना मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी इंग्रज, वलंदेज, फिरंगी या टोपीकरांविषयी बजावून ठेवलं होतं, की वखारीला जागा द्यायचीच झाली तर खाडीच्या मुखाशी, समुद्रकाठी देऊ नका, आतल्या बाजूला द्या. लेनापींकडे पंत नव्हते, आणि कंपनीनं घेतली ती नेमकी नदी समुद्राला मिळते ती जागा.

श्रोतेहो, आपल्याकडेही वलंदेजांची वखार आहे. वेंगुर्ल्याला. १६३७ साली विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीनं ती सुरू झाली, गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच आरमाराला रसद मिळावी म्हणून. न्यू ॲम्स्टरडॅमचं एकही घर उरलं नाही, पण वलंदेजांचं बांधकाम वेंगुर्ल्यात, पडझड झालेलं का होईना, उभं आहे. सिंधुदुर्गातल्या शाळांना, महाविद्यालयांना आणि वेंगुर्ल्याच्या ग्रामस्थांना माझी हात जोडून विनंती आहे. वर्षातून एक सकाळ ठरवा. मुलांना बंदरापासून वखारीपर्यंत पायी न्या, वाटेतल्या वाड्यांची आणि घाट्यांची नावं म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या, आणि त्या भिंतीपाशी उभं राहून ही गोष्ट त्यांना सांगा. भिंती उभ्या आहेत तोवर सांगा.