दोन ठिकाणची एक वही



बेळगुंदीसारख्या सीमाभागातील गावात जमिनीच्या उताऱ्याचे महत्त्व कोणास सांगावयास नको. फेरफार एका दप्तरात चढला आणि दुसऱ्यात राहिला, तर खरा मालकही परका ठरतो. या शतकाच्या आरंभी कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेखाली हे उतारे तालुक्याच्या संगणकात घातले व हस्तलिखित उताऱ्यांची मान्यता काढून घेतली. परंतु कामाच्या सोयीसाठी दोन ठिकाणी वही ठेवणे जेथे भागच असते, तेथे त्या जुळत्या कशा राखाव्यात?

एखाद्या बँकेची कचेरी बेळगावात व शाखा बेळगुंदीस आहे, असे समजा. सकाळी कारकून संगणकास आपले नाव व पासवर्ड देतो. त्याची ओळख पटविणाऱ्या यंत्रास डोमेन कंट्रोलर म्हणतात. मधला मार्ग तुटला तरी काम अडू नये, म्हणून असा कंट्रोलर दोन्हीकडे असतो. त्यांच्या वह्या जुळत्या ठेवण्याच्या क्रियेस रेप्लिकेशन असे नाव आहे. जुन्या विंडोज एनटीमध्ये एक वही मूळ व बाकीच्या नकला असत. २००० साली आलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत सामान्यतः कोणत्याही वहीत फेरफार करता येतो. सोय वाढली, तशी विसंवादाची शक्यताही वाढली.

दोन ठिकाणांमधील ही देवाणघेवाण, निराळी आज्ञा नसल्यास, दर १८० मिनिटांनी होते. म्हणजे बेळगावात सकाळी दाखल झालेले नाव बेळगुंदीस तीन तास अनोळखी राहू शकते. हा बिघाड नव्हे. बदललेला पासवर्ड मात्र एका प्रमुख कंट्रोलरकडे तातडीने कळविला जातो; शाखेचा कंट्रोलर नकार देण्यापूर्वी त्यास विचारून पाहतो. ही विचारपूस खुंटली, की बरोबर पासवर्ड देणारा कारकूनही खोटा ठरतो. काही चुकांनंतर खाते बंद करण्याचा नियम असेल, तर तेही बंद होते.

अशा वेळी पुन्हापुन्हा पासवर्ड बदलणे व्यर्थ होय. प्रथम घड्याळे पाहावीत. कर्बेरॉस या ओळख पटविण्याच्या पद्धतीत पाच मिनिटांहून अधिक अंतर सहसा चालत नाही. नंतर डीएनएस तपासावे. पत्ताच चुकीचा मिळाला, तर एक कंट्रोलर दुसऱ्यास गाठणार कसा? त्यानंतर ‘रेपॲडमिन’ या साधनाने शेवटची यशस्वी देवाणघेवाण केव्हा झाली, व कोणत्या कारणाने अडली, हे वाचावे.

सर्वांत मोठा धोका दीर्घकाळ बंद पडलेल्या कंट्रोलरचा. काढून टाकलेल्या नावाची खूण नव्या व्यवस्थेत सामान्यतः १८० दिवस, जुन्या व्यवस्थांत ६० दिवस जपली जाते. त्या मुदतीनंतर जुना कंट्रोलर पुन्हा जोडला, तर नोकरीवरून गेलेल्या माणसाचे नाव त्याच्या वहीत जिवंतच आढळते. असे यंत्र तसेच न जोडता, त्याची नोंद पुसून ते नव्याने उभारावे.

पैशाचे व्यवहार ज्या दारातून होतात, तेथे योग्य माणसास नकार मिळणे जितके अनिष्ट, तितकेच गेलेल्या माणसास प्रवेश मिळणे घातक. यास्तव कारकुनाच्या स्मरणशक्तीस दोष देण्यापूर्वी दोन्ही ठिकाणच्या वह्या ताडून पाहाव्यात.