वाढता व्यापार आणि वाढता तोटा



मुळशी तालुक्यात येऊन तोट्यातील दुकानांविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु हिंजवडी, माण या आपल्याच गावांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापुढे हाती आलेली रक्कम कोठे गुंतवावी हा प्रश्न उभा राहतो. पौडच्या दुकानदाराला वेगळीच चिंता असते : जो स्वस्तात विकतो, माल घरपोच देतो आणि वर तोटाही सोसतो, त्याच्याशी टक्कर द्यावी कशी? दोघांच्या प्रश्नाचे मूळ एकच आहे. असा ऑनलाइन व्यापार कधी नफ्यात येतो काय?

वाढ झाली की नफा आपोआप येतो, हा भ्रम प्रथम टाकून द्यावा. समजा, एक झबले 500 रुपयांस विकले. खरेदी 400 रुपये. बांधणी, पोचवणी व परत आलेल्या मालाचा खर्च 130. नगामागे 30 रुपये तोटा झाला. हजार नगांवर तो 30 हजार, लाख नगांवर 30 लाख! येथे वाढ म्हणजे खड्डा खोल करणे. उलट, नगामागे 20 रुपये सुटत असतील आणि गोदाम, यंत्रणा, पगार यांचा स्थिर खर्च 20 लाख असेल, तर लाख नगांवर तोंडमिळवणी होते व पुढे नफा सुरू होतो. तोटा दोघांच्याही वहीत दिसतो. पण एकाचा रोग आहे, दुसऱ्याची पेरणी.

इतिहास हेच सांगतो. अमेरिकेतील ॲमेझॉनने 1995 मध्ये पुस्तके विकावयास आरंभ केला. संपूर्ण वर्षाचा पहिला नफा 2003 मध्ये दिसला. त्याच देशातील वेबव्हॅन ही घरपोच किराणा देणारी पेढी मात्र मोठमोठी गोदामे उभारून 2001 मध्ये बुडाली.

आता पुण्याचे उदाहरण घेऊ. लहान मुलांच्या वस्तू विकणारी फर्स्टक्राय 2010 मध्ये निघाली. 2022-23 साली तिचे उत्पन्न सुमारे 5,633 कोटी व तोटा 486 कोटी रुपये होता. 2024-25 साली उत्पन्न सुमारे 7,660 कोटी झाले आणि तोटा सुमारे 265 कोटींवर उतरला. अशा पेढीचा तोटा घटण्याचे मार्ग साधे असतात. स्वतःच्या नावाचा माल विकला की दुसऱ्याला द्यावा लागणारा वाटा वाचतो. फर्स्टक्रायचा ‘बेबीहग’ हा तसाच माल. शिवाय तिने गावोगावी दुकानेही मांडली, आणि दुकानात आलेले गिऱ्हाईक पोचवणीचा खर्च वाचवते.

तथापि पेढी सुधारली म्हणजे गुंतवणारा तरलाच, असे नव्हे. ऑगस्ट 2024 मध्ये तिचा शेअर 465 रुपयांस देऊ केला गेला. बाजारात तो 651 वर उघडला आणि 2025 मध्ये 465 च्याही खाली आला. तोटा घटत होता, पण आशेची किंमत आधीच वसूल झाली होती.

म्हणून जमिनीचा पैसा घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : नगामागे काय सुटते? सवलत थांबली तर गिऱ्हाईक टिकेल काय? नफा येईपर्यंतचा खर्च कोण भरणार? दुकानदारानेही ध्यानी धरावे की दुसऱ्याच्या भांडवलावर दिलेली सवलत कायमची नसते. मात्र ती संपेपर्यंत आपला गल्ला टिकला पाहिजे. तेवढ्या काळात किमतीच्या शर्यतीत उतरण्यापेक्षा ओळख, उधारीची शिस्त आणि तत्परता यांवर भर देणे शहाणपणाचे.